‘काही आढळलं नाही’ : अन्ननलिकेतली दुर्बीण आणि अभावाचं ज्ञान



ज्ञान कशाच्या आधारावर उभं राहतं, याचा विचार आपण या मालिकेत करतो आहोत. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द या प्रमाणांबद्दल बरंच बोलून झालं. आज एका दुर्लक्षित प्रमाणाकडे वळू. त्याचं नाव अनुपलब्धी. एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कसं कळतं, हा त्याचा विषय. आणि उदाहरण आम्ही दवाखान्यातलं घेणार आहोत: अन्ननलिकेतल्या कर्कपूर्व बदलांवर एंडोस्कोपीने ठेवली जाणारी देखरेख, आणि त्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आलेली नवी इमेजिंग तंत्रं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने वैद्यकात नाक खुपसू नये, असं कुणाला वाटेल. कुणी कोणती तपासणी करावी, कोणतं औषध घ्यावं, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि ते आम्ही सांगणारही नाही. पण डॉक्टर रिपोर्टवर ‘काही आढळलं नाही’ असं लिहितात तेव्हा तो ज्ञानाचा दावा असतो. तो दावा कशावर उभा आहे, हे विचारणं हे आमचं कामच आहे. आणि आमच्याहून जास्त ते त्या माणसाचं काम आहे, ज्याचं नाव त्या रिपोर्टवर आहे.

आधी रोग समजून घेऊ.

घशापासून जठरापर्यंत जाणारी नळी म्हणजे अन्ननलिका. तिचं आतलं अस्तर चपट्या पेशींच्या थरांचं, फिकट गुलाबी रंगाचं असतं. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं, की काही लोकांत खालच्या टोकाचं अस्तर बदलतं. चपट्या पेशींच्या जागी उभ्या, स्तंभासारख्या पेशी येतात. रंग गडद, लालसर होतो. याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात. आपण नुसतं ‘बॅरेट’ म्हणू. बॅरेट म्हणजे कर्करोग नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. पण थोड्या लोकांत पुढे पेशींची ठेवण बिघडत जाते. तिला डिस्प्लेसिया म्हणतात. आधी सौम्य, मग तीव्र. आणि त्याच्याही पुढे ॲडिनोकार्सिनोमा हा कर्करोग असतो. तो उशिरा कळला तर फार थोडे रुग्ण वाचतात. म्हणून ब्रिटन, अमेरिका, नेदरलँड्स अशा देशांत रीत पडली, की बॅरेट असलेल्या माणसाला दर काही वर्षांनी बोलवायचं, दुर्बीण आत घालायची आणि बदल सुरू झाला आहे का ते बघायचं. बदललेला पट्टा लांब असेल तर दोन-तीन वर्षांनी, आखूड असेल तर तीन ते पाच वर्षांनी, असा साधारण हिशेब.

आता या माणसाची अवस्था बघा. त्याला दुखत काही नाही, औषधाने जळजळही थांबलेली आहे. तो आजारी नाही. पण निरोगी आहे असंही त्याला कुणी म्हणू देत नाही. दर खेपेला तो एकच वाक्य ऐकायला येतो: ‘काही आढळलं नाही.’ या एका वाक्यावर तो पुढची दोन-तीन वर्षं झोपणार असतो. तेव्हा हे वाक्य किती भरवशाचं आहे, हा काही पुस्तकी प्रश्न नाही.

या रोगाच्या नावातच एक धडा दडलेला आहे. नॉर्मन बॅरेट हे लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक. १९५० साली त्यांनी एक निबंध लिहिला. स्तंभाकार पेशींचं अस्तर असलेली ही नळी त्यांनी पाहिली होती, आणि त्यांचं म्हणणं होतं की ही अन्ननलिका नव्हेच. चपट्या पेशींचं अस्तर असेल तीच अन्ननलिका. तेव्हा हे जठर आहे, जन्मतःच आखूड असलेल्या अन्ननलिकेमुळे छातीत वर ओढलं गेलेलं. १९५३ साली ॲलिसन आणि जॉनस्टन या दोघांनी दाखवलं, की या नळीचे स्नायू आणि ग्रंथी अन्ननलिकेच्याच आहेत. बदललं आहे ते फक्त अस्तर. १९५७ साली बॅरेट यांनी ते मान्य केलं. म्हणजे ज्या बदलाला त्यांचं नाव मिळालं, तो बदल त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि भलतंच काहीतरी म्हणून पाहिला होता. डोळ्यांत दोष नव्हता, व्याख्येत होता.

आपल्या नैयायिकांनी निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष असा भेद केला, तो इथे उपयोगी पडतो. नुसतं इंद्रियासमोर येणं वेगळं, आणि ‘हे अमुक आहे’ असं कळणं वेगळं. दुसऱ्या पायरीवर नाव, जात, गुण ही सगळी सामग्री लागते. आजही ती भानगड संपलेली नाही. अमेरिकेत बॅरेट म्हणायला बायोप्सीत आतड्यासारख्या गॉब्लेट पेशी दिसाव्या लागतात. ब्रिटनमध्ये त्यांच्याशिवायही निदान होऊ शकतं. तीच अन्ननलिका घेऊन माणूस विमानात बसला, तर उतरेपर्यंत त्याचं निदान बदललेलं असू शकतं.

आता अनुपलब्धीकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानलं. प्रभाकरांनी ते नाकारलं, नैयायिकांनी ते प्रत्यक्षाच्या पोटात घातलं. त्या वादात आज शिरायला नको. आपल्याला त्यातली एक अट हवी आहे, आणि ती फार मोलाची आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. अंधार असला तर? मधे पडदा असला तर? घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती आधी असावी लागते. तरच त्याचं न दिसणं हे त्याच्या नसण्याचं ज्ञान देतं. या अटीला योग्यता म्हणतात, आणि अशा न दिसण्याला योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन ‘आत कुणी नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसेल कदाचित. पण त्याला ते माहीत आहे असंही आपण म्हणणार नाही.

आमचं आजचं सगळं म्हणणं या एका अटीवर टांगलेलं आहे. नव्या इमेजिंगची जाहिरात ‘आता अधिक दिसतं’ अशी होते. म्हणजे ती प्रत्यक्षाच्या भाषेत होते. पण देखरेखीला येणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या अन्ननलिकेत दिसण्यासारखं काही नसतंच. त्यांना हवं असतं ते अभावाचं ज्ञान. तेव्हा प्रत्येक नव्या तंत्राला आपण एकच प्रश्न विचारायचा: तुझ्यामुळे योग्यता वाढली का? आणि वाढली, तर कुणाच्या हातात?

जुन्या पद्धतीपासून सुरुवात करू. पांढऱ्या प्रकाशात अस्तर बघायचं, आणि मग दर दोन सेंटिमीटरला चार बाजूंनी चार तुकडे काढायचे. याला सिएटल प्रोटोकॉल म्हणतात. संशय असेल तर दर सेंटिमीटरला. हे शेतातल्या मातीचे नमुने घेण्यासारखं आहे. सगळे तुकडे एकत्र केले तरी पट्ट्याच्या एकूण क्षेत्रफळातले शंभरातले जेमतेम चार-पाच भाग भरतात. उरलेलं शेत नुसत्या नजरेवर सोडलेलं. डिस्प्लेसिया तर ठिपक्याठिपक्यांनी उगवतो, आणि पुष्कळदा सपाट असतो. इथे योग्यता अपुरी आहे, हे डॉक्टरांनीच आधी ओळखलं. नवी तंत्रं हौसेपोटी आली असं आम्ही म्हणणार नाही. खरी अडचण होती.

त्यातलं सगळ्यात रुळलेलं तंत्र म्हणजे नॅरो बँड इमेजिंग. जपानमध्ये ते विकसित झालं. कल्पना सुंदर आहे. पांढऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग गाळून दोनच अरुंद पट्टे ठेवायचे, एक ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि एक ५४० च्या आसपासचा हिरवा. हे दोन्ही रक्तातलं हिमोग्लोबिन जोरात शोषून घेतं. निळा प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून अगदी वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी रेषांसारख्या उठून दिसतात. प्रकाश कमी करून जास्त दिसतं, असा हा प्रकार आहे! निरोगी बॅरेटमध्ये ही नक्षी शिस्तीत असते, डिस्प्लेसियात ती विस्कटते. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने याचे साधे निकष ठरवले: पृष्ठभागाची नक्षी नियमित की अनियमित, रक्तवाहिन्यांची ठेवण नियमित की अनियमित. त्याआधी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की या प्रकाशात नेमके तुकडे काढले तर रुग्णामागे सरासरी ३.६ बायोप्सी पुरतात, सिएटल पद्धतीत ७.६ लागतात, आणि बॅरेटचं निदान दोन्हींत सारखंच होतं. म्हणजे तुकडे निम्मे झाले. रुग्णाच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरं तंत्र याहून घरगुती आहे. ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगरच, पातळ करून अस्तरावर फवारायचं. अस्तर पांढरं पडतं. निरोगी भागाचा पांढरेपणा टिकतो. डिस्प्लेसिया असलेल्या भागाचा लवकर जातो आणि तो लाल होऊन वेगळा दिसू लागतो. किंमत जवळजवळ काहीच नाही.

तिसरं तंत्र सगळ्यात दिमाखदार: कन्फोकल लेझर एंडोमायक्रोस्कोपी. शिरेतून फ्लुरोसीन नावाचा रंग द्यायचा आणि लेझरच्या मदतीने जिवंत अस्तरातल्या पेशी जागेवरच, सुमारे हजारपट मोठ्या करून बघायच्या. तुकडा काढून, रंगवून, दोन दिवसांनी जे पॅथॉलॉजिस्ट बघतो, ते इथे तत्क्षणी दिसतं. पण एका वेळी दिसणारं क्षेत्र अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. घड्याच्या मातीचा कण न कण दिसतो, पण खोलीत घडा कुठे आहे हे आधी दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या कसोटीवर हे तंत्र विचित्र ठरतं: भावाच्या ज्ञानासाठी उत्तम, अभावाच्या ज्ञानासाठी एकटं अगदीच अपुरं.

आता ‘कुणाच्या हातात’ हा प्रश्न. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली एक उंबरठा ठरवला. कोणत्याही तंत्राने सरसकट बायोप्सीची जागा घ्यायची असेल तर तीन अटी: डिस्प्लेसिया असलेल्या शंभरातले निदान ९० सापडले पाहिजेत, नसलेल्या शंभरातल्या निदान ८० जणांना ‘नाही’ असं बरोबर सांगता आलं पाहिजे, आणि ज्यांना ‘नाही’ सांगितलं त्यांच्यातल्या ९८ टक्क्यांत ते खरंच नसलं पाहिजे. २०१६ साली त्या संघटनेनेच सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. ॲसिटिक ॲसिड, नॅरो बँड आणि दुर्बिणीतच बसवलेली कन्फोकल पद्धत हा उंबरठा ओलांडतात, असा निष्कर्ष निघाला. पण पुढे एक पुस्ती होती: तज्ज्ञांच्या हातात.

ही पुस्ती आम्हाला मुख्य मजकुराहून महत्त्वाची वाटते. कारण मग योग्यता यंत्रात नाही, यंत्र आणि डोळा यांच्या जोडीत आहे, असं कबूल केल्यासारखं होतं. आणि याला आणखी एक पुरावा आहे, अगदी साधा. २०१२ सालच्याच एका अभ्यासात दिसलं, की बॅरेटच्या दर सेंटिमीटरला एक मिनिटाहून जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना तीव्र डिस्प्लेसिया आणि कर्करोग जास्त सापडतो. एक मिनिट! त्याला ना नवा दिवा लागतो ना लेझर. आधी फेस आणि चिकट द्रव धुऊन काढायचा, आणि मग सावकाश बघायचं. याच्या उलट बाजूचा आकडाही ऐका. बॅरेटचं निदान झालेल्यांत पुढे जे कर्करोग आढळतात, त्यांतले सुमारे एक चतुर्थांश पहिल्या तपासणीनंतर वर्षाच्या आत आढळतात. हा कर्करोग असा वर्षभरात उगवत नाही. बहुतेकदा तो पहिल्या वेळी होताच. दिसला नाही, आणि न दिसणं हेच नसणं मानलं गेलं. योग्यतेची अट विसरल्याची ही किंमत आहे, आणि ती कुणीतरी प्राणाने मोजलेली आहे.

त्या ९८ टक्क्यांविषयीही थोडं बोलायला हवं, कारण हा आकडा ऐकून माणूस निश्चिंत होतो. कागद-पेन्सिल घ्या. समजा, देखरेखीला हजार माणसं आली आणि त्यांतल्या २० जणांना डिस्प्लेसिया आहे. हा आकडा आम्ही हिशेबापुरता धरला आहे. आता एक डॉक्टर डोळे मिटून प्रत्येकाला ‘काही नाही’ असं सांगतो. त्याचं म्हणणं किती वेळा खरं? हजारात ९८०. म्हणजे बरोबर ९८ टक्के! रोग दुर्मीळ असला की ‘नाही’ म्हणणारा फुकटात बरोबर ठरतो. अर्थात पहिल्या अटीवर, ९० सापडण्याच्या अटीवर, हा डॉक्टर सपशेल नापास होतो. संघटनेने तीन अटी एकत्र घातल्या त्या याचसाठी. पण माहितीपत्रकांत तिन्ही आकडे सारख्या अक्षरांत छापलेले नसतात. आता उंबरठ्यावर बरोबर उतरणारं तंत्र त्याच हजारांवर चालवा. २० पैकी १८ सापडतील, २ निसटतील. उरलेल्या ९८० पैकी १९६ जणांना विनाकारण ‘संशय आहे’ असं सांगितलं जाईल. एकूण २१४ जण घाबरून घरी जातील, त्यांतल्या १८ जणांची भीती खरी. त्या उरलेल्या १९६ जणांच्या रात्रींचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नसतो.

इथवर आपण दिसणं आणि न दिसणं यांबद्दल बोललो. पुढची पायरी अनुमानाची. दिसलं ते खरं, असं धरलं. पण त्यावरून पुढे काय होणार, हे सांगायला व्याप्ती लागते. धूर तिथे अग्नी, असा पक्का संबंध. डिस्प्लेसिया आणि कर्करोग यांच्यात असा संबंध आहे का?

२०१० साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, साध्या रुग्णालयांत सौम्य डिस्प्लेसियाचं निदान झालेल्या १४७ रुग्णांच्या काचपट्ट्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांना पुन्हा दाखवल्या. ८५ टक्क्यांचं निदान खाली उतरलं: डिस्प्लेसिया नाही, किंवा नक्की सांगता येत नाही. उरलेल्या १५ टक्क्यांत मात्र पुढे कर्करोगाकडे जाण्याचा धोका फार मोठा निघाला. म्हणजे धूर म्हणून दाखवलं गेलं त्यात बरंचसं धुकं होतं; आणि खरा धूर होता तिथे आगही होती. नव्या इमेजिंगची प्रत्येक परीक्षा शेवटी याच काचपट्टीशी ताडून होते, हे विसरू नका. मापायची पट्टीच जिथे हलते, तिथे मापाच्या दशांश चिन्हाचा अभिमान कशाला?

आता साध्या बॅरेटचं बघा. डेन्मार्कने आपल्या सगळ्या देशाची नोंदवही तपासून २०११ साली ११,०२८ बॅरेट रुग्णांचा हिशेब मांडला. कर्करोगाचा धोका निघाला वर्षाला ०.१२ टक्के, म्हणजे हजारात साधारण एक. त्याआधी ०.५ टक्के धरून चालत असत. आणि मग ब्रिटनमधली मोठी चाचणी, बॉस या नावाची. ३,४५३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी, दुसऱ्याची फक्त लक्षणं उद्भवली तर. बारा वर्षांहून जास्त पाठपुरावा झाला. २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक नाही, कर्करोगाच्या मृत्यूंतही नाही.

यावर घाईने ‘मग सगळं फुकटच’ असं म्हणू नये. त्या चाचणीत कर्करोगच मुळात थोडे होते, त्यामुळे लहान फरक कळणं अवघड होतं. दुसऱ्या गटातल्या अनेकांची एंडोस्कोपी या ना त्या कारणाने झालीच. तपासणीचा दर्जा आणि यंत्रंही त्या काळातली. शिवाय एक मोठी गोष्ट इमेजिंगच्या बाजूने आहे, आणि ती सांगितली नाही तर आमची टीका अन्यायाची होईल. पूर्वी तीव्र डिस्प्लेसिया सापडला की अन्ननलिका काढून टाकण्याची भलीमोठी शस्त्रक्रिया सांगत. आज तो डाग नेमका दिसला तर दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो, उरलेलं अस्तर उष्णतेने जाळता येतं, आणि माणूस आपली अन्ननलिका घेऊन घरी जातो. नेमकं दिसल्याशिवाय नेमकं काढता येत नाही. ज्याच्यात खरोखर काही आहे, त्याच्यासाठी नव्या प्रकाशाचं मोल वादातीत आहे. वाद आहे तो उरलेल्या मोठ्या गर्दीबद्दल.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२० साली नेदरलँड्समधल्या एका गटाची संगणक प्रणाली प्रसिद्ध झाली. निवडक चित्रांवर तिने ८८ टक्के अचूक उत्तरं दिली. त्याच चित्रांवर ५३ डॉक्टरांची सरासरी ७३ टक्के होती. कौतुकास्पद आहे. पण दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ती स्थिर, निवडलेली चित्रं होती, आणि त्यांत रोग असलेल्यांचं प्रमाण दवाखान्यातल्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त होतं. आपला मघाचा हजारांचा हिशेब इथे पुन्हा लागू करा. दुसरी गोष्ट प्रमाणशास्त्राची. संगणकाला शिकवणारी रेघ कुणी काढली? तज्ज्ञांनी. डाग इथून इथपर्यंत, असं त्यांनी चित्रांवर आखून दिलं. तेव्हा हे यंत्र प्रत्यक्षाचं वाटलं तरी ते मुळात शब्दप्रमाण आहे. आप्तांचं म्हणणं ते न थकता पुन्हा सांगतं. गावच्या डॉक्टरला तज्ज्ञाचा डोळा उसना मिळाला तर वाईट काय, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. फक्त दुर्बिणीचं तोंड जिकडे वळलंच नाही, तिथे आप्तही गप्प असतो. धुणं, वळवणं आणि थांबणं हे माणसाच्याच हातात राहतं.

शेवटचा मुद्दा, प्रकाशाच्या वाटपाचा. या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांना आधी बॅरेट असल्याचं ठाऊकच नसतं. ते देखरेखीत कधी आलेलेच नसतात. म्हणजे दिव्याखाली आधीच असलेल्यांवर आपण आणखी झगझगीत दिवे लावतो आहोत, आणि बहुतेक आजारी अंधारात आहेत. केंब्रिजच्या रिबेका फिट्झगेराल्ड यांच्या गटाने यावर वेगळी वाट काढली: दोऱ्याला बांधलेली गोळी गिळायची, ती पोटात फुलून स्पंज होते, तो वर ओढला की पेशी मिळतात. दुर्बीण नाही, दिवा नाही. २०२० सालच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे दहापट जास्त लोकांत बॅरेट सापडला. पण यातही मेख आहेच: त्यातले बहुतेक त्या हजारात एकच्या गर्दीत जाऊन बसणार.

आणि आपल्याकडे? भारतात अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः वेगळ्या जातीचा आहे. तो चपट्या पेशींतूनच निघतो, आणि त्यामागे तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं आहेत. तिथे बॅरेटचा नकाशा चालत नाही. आयोडीन फवारून न रंगणारा भाग शोधणं, हे तिथलं तंत्र. छातीत जळजळ होणाऱ्या प्रत्येकाला युरोपातलं वेळापत्रक लावणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातला घडा आपल्या अंगणात शोधणं.

व्हिनेगरवरून एक आठवण मुंबईची करून द्यायला हवी. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी केली. थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघत. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. अवयव वेगळा, रोग वेगळा, तो तिथे कितीतरी जास्त आढळणारा. तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवून कुणी जिंकलं-हरलं म्हणू नये. पण एवढं त्यातून शिकता येतं, की योग्यता ही भिंगाच्या ताकदीवरच ठरत नाही. कुणाकडे बघायचं, कुणी बघायचं, किती शिस्तीने बघायचं आणि दिसल्यावर काय करायचं, हे आधी ठरलेलं असेल तर चार थेंबही पुरतात.

मग आमची मागणी काय? ती लहानशी आहे. ‘काही आढळलं नाही’ हे वाक्य रिपोर्टवर एकटं नसावं. त्याच्याबरोबर त्याची योग्यता लिहिलेली असावी. पट्टा किती लांब होता. याचं प्राग वर्गीकरण २००६ पासून उपलब्ध आहे. अस्तर धुतलं होतं का. किती मिनिटं बघितलं. कोणत्या प्रकाशात बघितलं. किती तुकडे, कुठून काढले. डिस्प्लेसिया असं निदान असेल तर ते दुसऱ्या तज्ज्ञाने पाहिलं का. काही चांगल्या केंद्रांत हे होतंही. ते सगळीकडे व्हावं. आणि रुग्णाला त्याचा धोका टक्क्यांत न सांगता माणसांत सांगावा: तुमच्यासारख्या हजारांत वर्षाला साधारण एक. मग दर दोन-तीन वर्षांनी यायचं की नाही, याचा निर्णय त्याने डॉक्टरांच्या जोडीने घ्यावा. तो भीतीपोटी येऊ नये, आणि कंटाळून थांबूही नये.

ज्यांना ही तपासणी सांगितलेली आहे त्यांनी आमचं ऐकून ती रद्द करू नये, हे पुन्हा एकदा सांगतो. जावं, आणि दुर्बीण बाहेर आल्यावर शांतपणे विचारावं: डॉक्टर, असतं तर दिसलं असतं का?

इथे थांबू. तुमचे प्रश्न असतील ते आता घेऊ.